भूल द्यायची की भुलवायचं? (लहान मुलं आणि दाताचे डॉक्टर)

चिमणीची_आई | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आमची चिऊ साडेसहा वर्षांची. खालची डावीकडची दाढ किडलीय. रात्री ठणका लागायचा तेव्हा लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. गेल्या बुधवारी इथं कोल्हापुरात, राजारामपुरीत एका दवाखान्यात नेलं. एक्स-रेमध्ये कीड नसेपर्यंत गेलेली दिसली. दाढ दुधाचीच आहे, पण काढायची नाही, आतून साफ करून वर कॅप बसवायची, दोनतीनदा यावं लागेल, असं सांगितलं.

तिचे बाबा रस्ताभर तिला सांगत होते, "काही नाही गं, डॉक्टर नुसतं बघणार." आणि तिथं गेल्यावर ठरलं की आजच सुरुवात करू. ट्रेमधली सिरिंज चिऊनं पाहिली. पुढं पाऊण तास तोंड उघडलं नाही म्हणजे नाही. दोन्ही हात तोंडावर गच्च. मदतनीस ताई हात धरायला आल्या तर त्यांच्या मनगटाला चावली. (नस किडलेल्या दाढेनं एवढा जोर कसा लावला देव जाणे.) तोवर बाहेर बसलेल्या दोन पोरांनीही गळा काढलेला. डॉक्टर म्हणाले, "शांत करून आणा."

आता शनिवारी सकाळी दुसरीकडे जायचंय. या नव्या डॉक्टर फक्त मुलांचेच दात बघतात. फोनवर म्हणाल्या, तिला जे आवडतं ते घेऊन या, लक्ष दुसरीकडे लावू. म्हणजे नक्की काय करायचं? मोबाईलवर कार्टून लावायचं? गोष्ट सांगायची? आणि याचा मुलाला खरंच उपयोग होतो, की आईबापाच्या मनाचं समाधान? ज्यांनी केलंय त्यांनी लिहा प्लीज.

गंगावेसकर | सोमवार, रात्री ९:५२

लक्ष वळवायला काय लागतंय? आमच्या वडलांकडं एकच औषध हुतं, उजव्या हाताचं. एक बसली की दाढ कुठली दुखतीया तेच इसरायचो. आत्ताच्या पोरांचे लई लाड.

आणि दुधाचा दात न्हवं? पडणारच हाय की. त्याला कॅप कशाला? पडणाऱ्या भिंतीला रंग काढल्यागत झालं.

तांबडा_रस्सा | सोमवार, रात्री ९:५८

काका आले. आता धागा शंभरी गाठणार.

निवांत_बाबा | सोमवार, रात्री १०:३५

ताई, मोबाईलवाला प्रयोग आम्ही केलाय, सांगतो.

मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. कार्टून लावून फोन त्याच्या छातीवर धरला. पहिली गंमत म्हणजे छातीवरचं बघायला पोरगं हनुवटी खाली घेतं, आणि हनुवटी खाली आली की तोंड मिटतं. डॉक्टर "वर बघ, वर बघ" म्हणतायत आणि हा खाली. मग मी फोन वर धरला, तर दिव्यात आडवा आला. पंधरा मिनिटं हात वर धरून उभं राहून बघा, तालमीत गेल्यासारखे दंड भरून येतात.

दुसरी गंमत, ऐन इंजेक्शनच्या वेळी जाहिरात आली. कार्टून गेलं आणि लोनची बाई बोलायला लागली. पोराचं लक्ष परत सगळं तोंडात. "बाबा स्किप कर" म्हणायला त्यानं मान वळवली आणि डॉक्टरांनी सुई झटकन मागं घेतली म्हणून बरं.

तेव्हा द्यायचाच असेल तर आधी डाउनलोड करून ठेवा, इंटरनेट बंद करा, आणि विनोदी काही लावू नका. हसायला लागला तरी तोंड मिटतंच. तरी एकंदरीत विचाराल तर उपयोग झाला. पहिल्या वेळी रडला तेवढा दुसऱ्या वेळी रडला नाही.

दंतकथा | सोमवार, रात्री ११:२०

आयडीवरून कळलं असेलच. मी इचलकरंजीत लहान मुलांच्या दातांचंच काम करते.

धाग्याचं नाव आवडलं. उत्तर: दोन्ही. आधी भुलवायचं, मग भूल द्यायची, आणि भूल चढल्याची खात्री होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही.

लक्ष वळवणं हा भुलेला पर्याय नाही, हे आधी सांगून टाकते. दाढ बधिर झाली नसताना कार्टून लावून ड्रिल केलं, तर पोर पुढं त्या कार्टूनलाही घाबरेल. उपयोग होतो तो भीतीवर, आणि टोचण्याच्या त्या थोड्या सेकंदांवर. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली 'गेट कंट्रोल' म्हणून एक कल्पना मांडली. मज्जारज्जूत वेदनेच्या निरोपाला जणू एक फाटक असतं. स्पर्शाच्या, हालचालीच्या निरोपांची गर्दी झाली की ते थोडं लोटलं जातं, आणि मेंदूलाही ते वरून लोटता येतं. कोपर आपटलं की आपण आपसूक चोळतो ते त्यातलंच. म्हणून इंजेक्शन देताना आम्ही गाल चिमटीत धरून हलवत राहतो. त्याआधी हिरडी कापसानं कोरडी करून बधिरतेची जेली एकदोन मिनिटं लावून ठेवायची, आणि औषध अगदी हळू सोडायचं. घाईनं सोडलं की दुखतं. निम्म्या रडण्याचं कारण ती घाई असते, सुई नव्हे.

गंगावेसकर काका, तुमच्या भिंतीबद्दल. दुधाचे दात वीस. समोरचे सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात, पण दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. चिऊला ही दाढ अजून चार-पाच वर्षं हवी आहे. चावायला तर हवीच, शिवाय खाली तयार होणाऱ्या दाताची जागा तीच राखते. ती काढली की बाजूची दाढ पुढं सरकते आणि खालच्याला वर यायला वाट राहत नाही. आणि सहाव्या वर्षी सगळ्यात मागं जी दाढ येते ती काही न पडता येते, म्हणून लोक तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते. ती किडलेली घेऊन येणारे आईबाप मी रोज बघते.

गंगावेसकर | सोमवार, रात्री ११:३१

चार-पाच वर्षं? मग बरोबर हाय. भिंत शब्द मागं घेतला. थोबाडीत शब्द न्हाई घेणार.

लिंबलोण | मंगळवार, सकाळी ७:१५

मला या "लक्ष वळवा" प्रकाराबद्दल थोडं वेगळं म्हणायचंय. राग मानू नका.

माझा मुलगा चार वर्षांचा असताना त्याला असंच भुलवून नेलं होतं. खेळणी दाखवली, फुगा दिला, "बघ तो मासा कसा पोहतो" म्हणून फिशटँककडं बघायला लावलं आणि तेवढ्यात टोचलं. काम झालं, सगळे खूश. पण त्यानंतर दोन वर्षं कोणी फुगा दिला की तो आधी त्या माणसाच्या दुसऱ्या हातात काय आहे ते बघायचा. वाढदिवसांना सुद्धा. त्याला सुई लक्षात नाही, फसवल्याचं लक्षात आहे.

चिऊच्या बाबांनी "नुसतं बघणार" म्हटलं तेही तेच. माझ्या मते मुलांना खरं सांगावं. रडली तर रडू दे.

तांबडा_रस्सा | मंगळवार, सकाळी ८:०२

लिंबलोण ताईंना +१. मोठ्यांना सुद्धा "जरा दोन मिनिटं या" म्हणून बोलावून वर्गणीची पावती फाडतात, तेव्हा किती राग येतो.

दंतकथा | मंगळवार, दुपारी २:१०

लिंबलोण, राग कसला, मी तुमच्याच बाजूला आहे. भुलवणं आणि फसवणं यात फरक आहे. फरक एवढाच की मुलाला माहीत असायला हवं.

मी काय करते ते सांगते. "सांगा, दाखवा, करा" ही आमची जुनी पद्धत, अ‍ॅडलस्टन यांनी १९५९ साली मांडलेली. आधी सांगायचं: "या नळीतून पाऊस पडतो, ही दुसरी नळी हत्तीची सोंड, ती पाणी ओढून घेते." मग दाखवायचं, पण तोंडात नाही, हाताच्या नखावर. फिरणारा ब्रश नखावर लावला की पोरं हसतात. आणि मग जे दाखवलं तेवढंच करायचं, नवीन काही मध्येच काढायचं नाही. इंजेक्शनबद्दल मी "दुखणार नाही" कधीच म्हणत नाही. म्हणते, "मुंगी चावल्यासारखं होईल, मी दहा मोजेपर्यंत. तोवर तू पायाची बोटं हलव." त्याला ठाऊक आहे काय होणार, आणि त्याच्याकडं करायला काहीतरी आहे. हे फसवणं नाही.

आणि डावा हात वर केला की मी थांबणार. हे वचन. एकदा जरी हात वर आला आणि मी "झालंच बघ" म्हणत पुढं गेले, की खेळ संपला.

घरच्यांना एकच विनंती. "सुई", "कापणार", "रक्त" हे शब्द काढू नका, आणि "दुखणार नाही हं, घाबरू नको" हेसुद्धा. घाबरण्यासारखं काहीतरी आहे हे पोराला त्यातूनच कळतं. आणि कृपा करून, जेवत नाही म्हणून "थांब, डॉक्टरांना सांगते सुई द्यायला" म्हणणं सोडा. तुम्ही आमच्या नावानं उधारी करता आणि ती फेडतो आम्ही.

कागलकर | मंगळवार, दुपारी २:४५

शेवटचं वाक्य फ्रेम करून प्रत्येक घरात लावलं पाहिजे.

जुना_खडू | मंगळवार, सायंकाळी ६:३०

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. नोकरी सगळी करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत. मुलांचं लक्ष वळवणं हा माझा बत्तीस वर्षांचा धंदा, त्यामुळे थोडं लांबेल.

पहिल्यांदा एक जुनी आठवण. मी सहासात वर्षांचा असेन, जोतिबाच्या चैत्र यात्रेत रस्त्याकडेला कापड अंथरून एक दातवाला बसलेला. कापडावर उपटलेल्या दातांचा ढीग, जितका मोठा ढीग तितका हुशार माणूस. माझी दाढ किडलेली. वडलांनी पुढं केलं. त्यानं निखाऱ्यावर कसल्या तरी बिया टाकल्या, नळीनं धूर तोंडात सोडला आणि थोड्या वेळानं वाटीतल्या पाण्यात पांढरे बारीक 'किडे' काढून दाखवले. माझ्या दाढेतले! मी ते मोजत बसलो. नऊ होते. ठणका त्या दिवशी थांबला की नाही आठवत नाही, पण रडायचं मात्र मी विसरलो होतो. पुढं वनस्पतीचं थोडं वाचन झालं तेव्हा कळलं की त्या रिंगणीच्या बिया असणार आणि किडे त्या बियांतलेच. माणूस लबाड, पण लक्ष कसं वळवायचं हे त्याला कळत होतं. मला त्यानं मोजायला लावलं.

तेच मी वर्गात वापरलं. शाळेत लसीकरणाला नर्सबाई यायच्या तेव्हा रांगेतली पोरं आधीच गार पडायची. "घाबरू नका" म्हणून उपयोग शून्य. मग मी चुकीची गोष्ट सांगायला लागलो. म्हणजे असं: "काल मी अंबाबाईच्या देवळात गेलो, तिथं म्हशी पोहत होत्या." पोरं ओरडणार, "सर, त्या पंचगंगेत!" "मग मी पायऱ्या उतरून पन्हाळ्यावर गेलो..." "चढून, सर, चढून!" चूक पकडण्याची हाव पोरांना इतकी असते की दंडाला काय झालं ते पट्टी लावल्यावर कळायचं.

दाताच्या खुर्चीत बोलता येत नाही. तर चूक सापडली की पायाचा अंगठा हलवायचा. ताई, तुमच्या घरात चुकीचं आणि ठासून बोलणारं कोणी असेल तर त्यांनाच न्या.

तांबडा_रस्सा | मंगळवार, सायंकाळी ६:४१

चुकीचं आणि ठासून बोलणारे? सर, कोल्हापुरात प्रत्येक घरात किमान दोन.

गंगावेसकर | मंगळवार, सायंकाळी ६:५०

नऊ किडे! आमच्या आज्जीनं बी बघिटलेले. ती मरेपर्यंत म्हणायची, कीड म्हंजे आळीच असती. डाक्टर, खरं काय हो?

दंतकथा | मंगळवार, रात्री ८:१५

आळी नाही. डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण गोड खातो, ते जंतूही खातात आणि आम्ल सोडतात, त्या आम्लानं दात विरघळतो. त्यामुळे किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं ते जास्त महत्त्वाचं. गुळाची पोळी जेवणात एकदा खाल्ली तर एक वेळ, बिस्किट दिवसभर हातात असेल तर दिवसभर.

शिरोळची_सून | मंगळवार, रात्री १०:०५

आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. आमच्याकडं वरच्यातलं काहीच चाललं नाही. गोष्ट नाही, कार्टून नाही. त्याला सुईची भीती नव्हतीच. सक्शनचा (तोंडातलं पाणी ओढणाऱ्या नळीचा) आवाज आणि तोंडावरचा दिवा सहन व्हायचा नाही. म्हणजे आम्ही लक्ष कुठं वळवणार, त्रासच चारी बाजूंनी.

मग डॉक्टरांनी सांगितलं, पहिल्या दोन वेळा काही करायचंच नाही. पहिल्यांदा नुसतं खुर्चीत बसून खाली-वर केलं. दुसऱ्यांदा आरसा तोंडात, तेवढंच. मी दवाखान्याच्या दाराचे, खुर्चीचे, दिव्याचे फोटो काढून आणले, क्रमानं वहीत चिकटवले आणि रोज रात्री आम्ही ती वही वाचायचो. काळा चष्मा, कानावर मोठे हेडफोन, आणि पोटावर जड गोधडी. आजीनं शिवलेली, चार पदरी. तिसऱ्या भेटीत फिलिंग झालं. वेळ सकाळची पहिली घ्यायची, म्हणजे बाहेर बसून दुसऱ्या पोरांचं रडणं ऐकावं लागत नाही.

सगळ्यांना एवढं करावं लागणार नाही. पण ज्यांचं मूल "हट्टी" आहे असं सगळे म्हणतात, त्यांनी एकदा बघा, त्याला नेमकं काय नको आहे.

चिमणीची_आई | मंगळवार, रात्री १०:२२

शिरोळची_सून, तुमची पोस्ट यांना वाचून दाखवली. हे गप्प झाले. वहीची कल्पना घेते. चिऊला चित्रं काढायला आवडतात, तिलाच काढायला सांगते.

पुण्याची_पाहुणी | बुधवार, सकाळी ११:००

आमच्याकडं काही दवाखान्यांत डोळ्यांवर गॉगलसारखं व्हीआर लावतात, आत समुद्र नाहीतर अंतराळ दिसतं. भाचीला एकदम आवडलं, तासभर हलली नाही. माझ्या लेकीला मात्र उलट झालं. कोण कधी हात लावतंय ते दिसत नाही म्हणून ती जास्तच घाबरली, दोन मिनिटांत काढून फेकलं. शिवाय ते नाकावर येतं, लहान चेहऱ्याला मोठं होतं. त्यामुळे एकच उपाय सगळ्यांना लागू पडेल असं धरू नका.

तांबडा_रस्सा | बुधवार, सकाळी ११:०४

पुण्यात अंतराळ दाखवतात, पण चार वाजेपर्यंत दवाखाना बंद असेल.

पुण्याची_पाहुणी | बुधवार, सकाळी ११:०६

आलात का शेवटी त्यावर. दुपारी झोपलेला डॉक्टर निदान ताजा तरी असतो.

पाटाकडील_पंटर | बुधवार, दुपारी १:३०

भावांनो, आमचा किस्सा ऐका. पोरगं आठ वर्षांचं, फुटबॉलचं येड. शाहू स्टेडियमवर मॅच असली की घरात जेवण नाही. त्याची दाढ काढायची होती. मी डॉक्टरांना आधीच फोन केला, म्हटलं मॅच लावूया. टीव्हीवर नव्हे, तोंडी.

भूल देताना वॉर्म-अप. काम सुरू म्हणजे पहिला हाफ. त्यानं डावा हात वर केला की रेफ्रीची शिट्टी, सगळे थांबणार, चूळ भरायची, मग पुन्हा किक-ऑफ. मी उशाशी उभा राहून कॉमेंट्री करत होतो, पाटाकडील विरुद्ध प्रॅक्टिस, दोन्ही आपले कोल्हापूरचेच संघ. मुद्दाम प्रॅक्टिसला एक गोल दिला, पोरगं खुर्चीत ताठ झालं. दाढ निघाली तेव्हा पाटाकडीलनं बरोबरी साधलेली. त्याला वाईट कशाचं वाटलं, तर एक्स्ट्रा टाइम झाला नाही याचं.

मदतनीस ताई प्रॅक्टिसवाल्या निघाल्या. जाताना म्हणाल्या, ऑफसाइड होता.

गंगावेसकर | बुधवार, दुपारी १:४४

हुताच की ऑफसाइड.

(इथून पुढचे चौदा प्रतिसाद फुटबॉलचे. त्यासाठी वेगळा धागा काढला आहे, तिकडे भांडा. दाताचं इथं लिहा. संपादक)

कागलकर | बुधवार, रात्री ९:००

एक विचारायचं होतं. लाफिंग गॅस देतात म्हणे मुलांना. त्यानं सगळंच सोपं होत नाही का? मग गोष्टी कशाला सांगत बसायच्या?

दंतकथा | बुधवार, रात्री ११:१०

नायट्रस ऑक्साइड. ऑक्सिजनबरोबर मिसळून नाकावरच्या छोट्या मास्कमधून देतात. मूल झोपत नाही, जागंच असतं, बोलतं, पण हलकं होतं, तरंगल्यासारखं. शेवटी काही मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की उतरतो. चांगलं साधन आहे, मी वापरते. पण मूल रडत असेल तर ते तोंडानं श्वास घेतं, गॅस नाकानं जायला हवा. सर्दी असेल, नाक चोंदलेलं असेल तरी उपयोग नाही. म्हणजे गॅस चढायला आधी मूल थोडं शांत हवं, आणि आपण फिरून गोष्टीपाशीच आलो. शिवाय टोचून भूल द्यायची ती द्यावी लागतेच.

याची गंमत म्हणजे, १८४४ साली अमेरिकेत होरॅस वेल्स नावाचा दंतवैद्य या गॅसचा खेळ बघायला गेला होता. तेव्हा तो करमणुकीचाच प्रकार होता. गॅस घेतलेल्या एकाचा पाय खरचटला, पण त्याला पत्ताच नव्हता. वेल्सनं ते हेरलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच गॅस घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली. आधी स्वतःवर, मग पेशंटवर. मुलांना मी हे सांगते, त्यांना फार आवडतं.

खूपच लहान मूल, आठदहा दात किडलेले, असं असेल तर हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञांकडून पूर्ण भूल देऊन एकाच वेळी सगळं उरकावं लागतं. तिथं गोष्टीवर भागत नाही.

चिऊच्या आई, शनिवारसाठी एक गोष्ट विसरू नका. खालच्या दाढेची भूल दिली की ओठ आणि गाल दोनतीन तास बधिर राहतात. मुलांना तो ओठ रबरासारखा वाटतो आणि ती चावत बसतात, कळतही नाही. भूल उतरेपर्यंत खायला देऊ नका. लक्ष वळवायची खरी गरज तेव्हा असते.

चिमणीची_आई | शनिवार, रात्री ८:५०

जाऊन आलो! सगळं लिहिते.

चुकीचं आणि ठासून बोलणारं माणूस आमच्या घरात एकच, चिऊचे आबा. सासरे निवृत्त एसटी कंडक्टर. त्यांना कल्पना सांगितली तर म्हणाले, "मी कवा चुकीचं बोलतो?" तरी आले.

आधी खरं सांगितलं. बाबांनी स्वतः. "मागच्या वेळी मी खोटं बोललो, सॉरी. आज मुंगी चावल्यासारखं होणार आहे." चिऊनं विचारलं, "काळी की लाल?" हे म्हणाले, काळी. डॉक्टरांनी नखावर ब्रश फिरवून दाखवला, जेली लावली, आणि मोजायला लागल्या. इथं गोष्टबिष्ट काही चाललं नाही. सहापर्यंत ठीक होती, सातला रडली. "लाल होती! लाल मुंगी होती!" एकदोन मिनिटं रडली असेल. पण तोंडावर हात नेले नाहीत. डावा हात वर केला, डॉक्टर थांबल्या. मग तिनं स्वतःच हात खाली घेतला. ते मी जन्मात विसरणार नाही.

भूल चढल्यावर आबा सुरू झाले. पायाशी स्टुलावर बसून, हातात तिच्या सॅंडलचा एक जोड. "रंकाळ्यावरनं बस सुटली. पहिला थांबा जोतिबा." अंगठा हलला. "जोतिबा न्हाई? बरं, गंगावेस. गंगावेशीत म्हैस चढली, तिला हाफ तिकीट दिलं." दोन्ही अंगठे. "का? म्हशीला फुल लागतंय? बरं, फुल. म्हैस म्हणाली, मला दुधाच्या कट्ट्यावर उतरायचंय, मी तिला बिंदू चौकात उतरवलं." चिऊचे दोन्ही पाय सायकल चालवल्यासारखे हलायला लागले. डॉक्टरांना मध्येच मशीन थांबवावं लागलं, चिऊमुळे नाही. त्या स्वतः हसत होत्या. म्हणाल्या, "आबा, म्हशीला जरा खाली बसू दे, माझा हात हलतोय."

पंचवीस मिनिटं झाली आणि मग ती कंटाळली. अंगठा हलेना, डोळ्यांत पाणी. डॉक्टरांनी ओळखलं, आत औषध आणि वरून तात्पुरतं सिमेंट भरून आजचं काम थांबवलं. कॅप पुढच्या शनिवारी.

आता कबुली. बाहेर पडल्यावर सगळे इतके खूश की दंतकथा मॅडमचं शेवटचं वाक्य मीच विसरले. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, तेही. आबांनी रंकाळ्यावर नेऊन भेळ दिली. घरी येईपर्यंत खालचा ओठ डाव्या बाजूनं टम्म. आतून पांढरं पांढरं झालंय. पू आहे का हो तो? भीती वाटतेय.

दंतकथा | शनिवार, रात्री ९:२०

पू नाही. चावलेल्या जागेवर असं पांढरट होतंच. ती खरवडू नका. तिखट-गरम टाळा, आठवड्याभरात आपोआप भरून येईल. ताप आला किंवा सूज वाढत गेली तरच डॉक्टरांना दाखवा. आणि भेळेबद्दल मी काही बोलत नाही.

लिंबलोण | शनिवार, रात्री ९:३३

"मी खोटं बोललो, सॉरी" वाचून डोळ्यांत पाणी आलं. बाबांना सांगा.

निवांत_बाबा | शनिवार, रात्री ९:४०

मोबाईल न लागता झालं म्हणजे. माझे दंड उगाच दुखले.

जुना_खडू | शनिवार, रात्री १०:०२

म्हशीला हाफ तिकीट हे मला सुचलं नव्हतं. आबांना नमस्कार सांगा. पुढच्या शनिवारी तीच गोष्ट पुढं न्या. आणि मागच्या वेळच्या चुका आता बरोबर सांगा, त्याही ती पकडेल.

गंगावेसकर | शनिवार, रात्री ११:१५

बिंदू चौकात म्हैस उतरवली, बेष्ट.

ताई, एक विचारायचं हुतं. येत्या गुरुवारी माझी अक्कलदाढ काढायची हाय. धा महिने पुढं ढकलतोय. वय अठ्ठावन्न. घरात कुणाला बोललो न्हाई. आबा गुरुवारी मोकळे हायत का? आणि मोठ्या माणसानं पायाचा अंगठा हलवला तर चालतंय का, का बूट काढायला लागतील?